जिमवरच्या गोधड्या

हे मी लिहिणार नव्हतो. एकदा थोडं टाइप केलं आणि पुसून टाकलं. म्हणलं, गोधड्या वाळत घालायची गोष्ट कोण वाचणार? आणि दुसरं म्हणजे ही गोष्ट माझ्या आईची नाही, नित्याच्या आईची आहे. दुसऱ्याच्या आईवर आपण काय लिहायचं? पण परवा नित्याचा फोन आला आणि तेव्हापासून माझं कशात लक्षच लागेना. म्हणून आता सलग टाइप करतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तर बऱ्याच वर्षांपूर्वी, एका सकाळी मी बाजारतळावर उभा होतो. गळ्यात शिट्टी, अंगात नगरपंचायतीचा निळा टी-शर्ट, पाठीवर छापलेलं 'व्यायाम मार्गदर्शक'. समोर ओपन जिम. म्हणजे जिम तिथं होती, पण दिसत नव्हती. दिसत होत्या त्या गोधड्या. पाय मागंपुढं हलवायच्या मशीनवर एक, दांड्यांवर दोन, खांद्यासाठी जे गोल चाक असतं त्याच्यावर एक बारकी, पोराची. सगळ्यातून पाणी ठिबकतंय.

"मावशी, ह्या काढा की," मी आमच्या गल्लीतल्या शालनमावशीला म्हणलं. "लोकांना व्यायाम करायचाय."

"कुठायत लोकं? मला दाव."

लोक नव्हतेच. एक कुत्रं होतं, ते पण गोधडीच्या सावलीत झोपलेलं.

"आलं तर?"

"आलं तर काढंन. वाळू दे तवर. घट बसायला आलं, अजून निम्मं घर धुवायचं ऱ्हायलंय." मावशीनं पदर खोचला. "तू हितं नुसता शिट्टी घालून हुबा हायेस त्यापरीस हे टोक धर. पिळू लाग. तुझं पोट तरी आत जाईल."

बाकीच्या बायका फिदीफिदी हसल्या. मी टोक धरलं.

आमच्याकडं घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायलाच लागतं. पूर्वी बायका नदीवर जायच्या. आता नदीत गावाचं गटार येतं, आणि घरं अशी एकाला एक चिकटलेली की गोधडी पसरायला जागा नाही. राहिलं काय, तर बाजारतळ. तिथं नगरपंचायतीचा नळ, खाली फरशी, आणि वर ही मशीनं. जणू गोधड्यांसाठीच बसवलेली.

खरं तर ती बसवली होती पुष्पाताईंनी. पुष्पाताई जगदाळे आमच्या तेव्हाच्या नगराध्यक्ष. आधी अंगणवाडीत होत्या, त्यामुळं निम्म्या गावाला त्यांनी हात धरून बसायला शिकवलेलं. मलापण. निवडून आल्यावर त्यांनी तपासणी शिबिर घेतलं, तर ज्या बाईला बघावं तिला शुगर, नाहीतर बीपी, नाहीतर गुडघे. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, हातपाय हलवा. म्हणून ताईंनी भांडून ही जिम आणली. सकाळचा वेळ फक्त बायकांना ठेवला. भोवती हिरवी जाळी मारली, कुणी बघायला नको म्हणून. मार्गदर्शक म्हणून बाई मिळाली नाही, आणि मी गावात प्रत्येकीचाच पुतण्या नाहीतर भाचा, म्हणून मी चाललो. मी काही शिकलेला मार्गदर्शक नव्हे. बारावी अर्धवट सोडलेली. जे येत होतं ते मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून.

उद्घाटनाला बायका आल्या, हळदीकुंकू झालं, फोटो झाले. दुसऱ्या दिवसापासून मी आणि कुत्रं.

"सुमनअक्का कशी हाय रं?" गोधडी पिळता पिळता मावशीनं विचारलं. "तिच्या गोधड्या ह्या वर्षाला कोण धुणार?"

मी गोधडीला अजून एक पीळ दिला. गोधडीचं पाणी पायावर पडत होतं.

सुमनकाकी म्हणजे नित्याची आई. नित्या माझा लहानपणापासूनचा दोस्त, आमची भिंत एक. काका गेले तेव्हा आम्ही शाळेत होतो. काकीनं गोधड्या शिवून त्याला आयटीआय करवलं. अख्ख्या गावाच्या गोधड्या तिच्या हातच्या. नित्या चाकणला कंपनीत लागला आणि काकी घरात एकटी राहिली, मजेत. मग त्या पावसाळ्यात ती पायरीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आत सळई घातली. हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता हिनं चाललंच पाहिजे. आत्ता नाही चालली तर अंथरुणाला खिळेल.

आणि काकी चालेना. संडास-मोरीपर्यंत जायची, परत येऊन खाटेवर. वॉकर दिला होता, त्याच्यावर टॉवेल वाळत घातलेला असायचा.

मी रोज जायचो. "काकी, हे धरून उभी राहा. आता उजवा पाय उचल. टेकव. आता डावा."

"दुखतोय."

"दुखणारच की. घराबाहेर तरी चल. कोपऱ्यापर्यंत."

"कोपऱ्यावर काय हाय?"

"काही नाही. नुसतं चालायचं."

"नुसतं?" काकी माझ्याकडं असं बघायची, जसं काय मी तिला नुसतं उड्या मारायला सांगतोय. "काय काम हाय माझं कोपऱ्यावर? लोकं इचारतील, सुमन, कुठं चालली? काय सांगू?"

नित्या रात्रपाळीहून सुटला की फोन करायचा. आवाज झोपेतला. "चालली का?"

"नाही अजून."

"किश्या, मी दिवाळीला येतोय. तोवर चालली तर ठीक. नाहीतर घेऊन येणार तिला इकडं."

"तुझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, नित्या. लिफ्ट नाही."

"मग काय करू? तिथं एकटी पडून राहू दे तिला? तू सांग ना काय करू."

काकीला मी हे बोललो नव्हतो, पण तिला कळलेलं होतं. एक दिवस छताकडं बघत म्हणाली, "त्या खोलीत मला एकदा वर चढवलं ना किश्या, की मग खाली मी चौघांच्या खांद्यावरच येणार."

त्याच आठवड्यात जिमवर बोर्ड लागला. मुख्याधिकारी साहेब नवीन होते, जिल्ह्यावरून पाहणीला माणसं येणार होती, आणि साहेबांनी गाडीतून त्या गोधड्या बघितल्या. बोर्ड असा: 'व्यायाम साहित्यावर कपडे वाळत घालू नयेत. घातल्यास दंड करण्यात येईल.' तो ठोकायचं काम पण माझ्याकडंच.

दुसऱ्या दिवशी बाजारतळ एकदम स्वच्छ. मशीनं चकचकीत. एक पण गोधडी नाही आणि एक पण बाई नाही.

पुष्पाताई आल्या. जाळीच्या आत उभ्या राहून त्यांनी इकडं तिकडं बघितलं.

"एकपण नाही, किशोर?"

"नाही ताई."

"आता सभेत नगरसेवक म्हणणार, मशीनं उचला आणि कॉलेजच्या मैदानावर न्या, पोरं तरी वापरतील. मी काय बोलू?" त्यांनी खांद्याच्या चाकाला हात लावला. दोनदा फिरवलं. त्यांना स्वतःला शुगर होती. "जाळी मारली, बाप्यांना बंदी केली. अजून काय करायचं मी ह्या बायकांसाठी?"

मी शिट्टी गळ्यातून काढून खिशात ठेवली.

तिथून मी काकीकडं गेलो. तिला जरा हसवावं म्हणून बोर्डाचं सांगितलं. ती हसली नाही. उठून बसली.

"वाळत घालायचं न्हाई म्हंजे? मग घटाच्या आधी बायकांनी गोधड्या वाळवायच्या कुठं? त्या सायबाच्या डोक्यावर?"

"मला काय माहीत? मी फक्त खिळे मारले."

काकीनं पायाशी हात नेऊन तिची गोधडी ओढली. तिची स्वतःची. आत काकांचं धोतर, वर तिच्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याचे तुकडे, आणि एका कोपऱ्याला नित्याच्या पहिलीतल्या शाळेच्या शर्टाचा खिसा, खिशासारखाच शिवलेला. लहानपणी आम्ही दोघं त्यात चिंचोके लपवायचो. ती पडली तेव्हापासून ही गोधडी धुतलेली नव्हती. औषधाचा, तेलाचा वास येत होता.

"ही अशीच ऱ्हाणार आता," ती म्हणाली. "घरात देवी बसायची आणि माझं अंथरूण असं."

"मी धुतो की!"

"तुला न्हाई यायची."

"त्यात काय आहे यायचं?"

"वली गोधडी म्हंजे एक माणूस असतंय वजनाला. एकट्याला पिळत न्हाई ती. टाकं तुटत्यात."

"काकी, मी व्यायाम मार्गदर्शक आहे," मी म्हणलं, आणि गोधडी उचलून गाडीवर टाकली. किक मारली. निघता निघता म्हणलं, "आणि जिमजवळ आपल्या नगरपंचायतीची ब्लिचिंग पावडर आहे, गटारात मारायची. मूठभर टाकतो. पांढरी फटक होईल!"

मागनं काकी काहीतरी ओरडली. माझ्या गाडीला सायलेन्सर नव्हता. मला वाटलं, 'बरं बरं' म्हणाली असेल.

बाजारतळावर कुणी नव्हतं. मी गोधडी फरशीवर टाकली, नळाचा पाइप लावला. पाणी प्यायली आणि ती हलेनाच. एक टोक उचलावं तर दुसरं खाली. टॉवेलसारखी पिळायला गेलो तर कुठंतरी 'टर्र' झालं. घाम निघाला. म्हणलं, पावडर टाकून ठेवू, आपोआप निघेल मळ. डब्यातनं मूठ भरून घेतली.

तेवढ्यात आवाज आला. टक. टक. टक. मग थांबला. मग परत टक. टक.

"किश्या! मुडद्या! टाकू नकोस त्यात काय!"

मी वर बघितलं. बँकेच्या कोपऱ्यावरून काकी येत होती. वॉकर पुढं टाकायचा, एक पाय, दुसरा पाय. वॉकरवर टॉवेल अजून तसाच. पदर सुटलेला, केस सुटलेले, तोंड लालबुंद. आणि तिच्या मागं शालनमावशी, मावशीच्या मागं गल्लीतल्या बायका, कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या काखेत पोर. काकी रस्त्यावर दिसली म्हणल्यावर एकेक दारातून बाहेर पडून मागं लागलेल्या. तिला धरायला कुणी गेलं की ती कोपरानं ढकलायची.

"लुगड्याचा रंग जाईल रं माझ्या! लग्नातलं हाय ते!"

माझी मूठ तशीच वर. ती जाळीच्या आत आली, माझ्यासमोर उभी राहिली, आणि माझ्या मनगटावर चापट मारली. पावडर फरशीवर सांडली, लांब. गोधडीवर एक कण नाही.

शालनमावशीनं तोंडावर हात घेतला. "अगं अक्का. चालत आलीस की गं तू."

काकीनं खाली बघितलं. आपल्या पायांकडं. मग मागं, आख्ख्या रस्त्याकडं. तिनं वॉकर घट्ट धरला.

"आले खरी," ती म्हणाली. "आता जायचं कसं?"

बायका अशा हसल्या की झाडावरचे कावळे उडाले. काकीपण हसली, पदरानं डोळे पुसत.

पुढं काय करायचं हे मला कुणी विचारलंच नाही. चौघींनी मिळून गोधडी ओढून त्या दांड्यांच्या मशीनखाली आणली. काकीनं दोन्ही हातांनी दांड्या धरल्या. शालनमावशी एका बाजूला, दुसरी एक जण दुसऱ्या बाजूला, काखेत हात घालून. आणि काकी गोधडीवर उभी राहून ती तुडवायला लागली. गोधडी पायानंच धुतात, हे मला तेव्हा कळलं. उजवा पाय उचलायचा, टेकवायचा. डावा उचलायचा, टेकवायचा. मी इतके दिवस खाटेपाशी बसून जे सांगत होतो तेच. पायाखालून काळं पाणी निघत होतं आणि ती म्हणत होती, "बघ कसा मळ हाय, बघ."

"दुखतंय का काकी?"

"गप रे. अजून निघतंय."

मग पिळायची वेळ आली. दोघी इकडं, दोघी तिकडं. आणि नेमक्या तेव्हाच पुष्पाताई जाळीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. बरोबर ऑफिसचा माणूस, हातात कॅमेरा, पाहणीच्या आधी फोटो काढायला आलेले. वर बोर्ड. खाली आम्ही.

शालनमावशीनं टोक सोडलं नाही. "ताई, दंड करायचा तर माझ्या सासूच्या नावावर करा. बघू दे तिला पण कसं वाटतंय."

ताई हसल्या नाहीत. त्या काकीकडं बघत होत्या. काकीचा पाय मोडलेला, हे सगळ्या गावाला माहीत होतं. "सुमनअक्का, कुणी आणलं तुम्हाला?"

"ह्या मुडद्यानं. माझी गोधडी पळवली."

"चालत?"

"मग काय, उडत?"

ताई जवळ आल्या. आवाज अगदी हळू. अंगणवाडीत पोर का रडतंय हे विचारताना असायचा तसा. "मग रोज का येत नव्हता गं तुम्ही सगळ्या? मी एवढं सगळं केलं. जाळी मारली. माझं काय चुकलं?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. काकी दांडीला धरून उभी होती, पाय ओले, धापा टाकत.

"ताई, तुम्ही जागा दिली. काम कुठं दिलं?" ती म्हणाली. "व्यायामाला चालले म्हणलं तर घरात इचारत्यात, का, काम कमी पडलं का? गोधडी धुवायला चालले म्हणलं तर कुणी अडवत न्हाई. बाईला भाईर पडायला हातात कायतरी लागतंय हो. नुसत्या हातानं कशी निघंल ती?"

ताईंनी वर त्या बोर्डाकडं बघितलं. मग त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि मला बाजूला सारून गोधडीचं टोक धरलं. "फोटो काढ," ऑफिसच्या माणसाला म्हणाल्या. "असाच काढ."

पुढच्या सभेत काय भांडण झालं ते मला ऐकून माहीत. पण मशीनं हलली नाहीत. नळापाशी मोठा कट्टा झाला, पिळायला दोन आडव्या दांड्या झाल्या, दोऱ्या बांधल्या. दर बुधवारी गोधडीचा दिवस, आरोग्य खात्याच्या आशाताई बीपीचं मशीन घेऊन कट्ट्यावर बसणार, गोधडी वाळेपर्यंत काय करायचं ते बायकांनी आपलं आपण ठरवायचं. वाळेपर्यंत नुसतं कोण बसणार? मशीनं फिरायला लागली. गोलचाकाला त्या रहाट म्हणायच्या आणि पायाच्या मशीनला झोपाळा. घट उठल्यावर मला वाटलं आता संपलं, गोधड्या तरी किती असणार. पण मग चादरी आल्या, सतरंज्या आल्या, उन्हाळ्यात वाळवण आलं, आणि मधल्या दिवसांत काकी कट्ट्यावर बसून गोधड्या शिवायला आणि शिकवायला लागली. बोर्ड मीच परत रंगवला: 'येथे गोधड्या वाळत घालाव्यात.' साहेबांनी कपाळाला हात लावला, पण सही केली.

दिवाळीला नित्या गाडी करून आला, आईला न्यायला. फोनवर त्याला काही सांगायचं नाही, असं काकीनं मला बजावलेलं. घराला कुलूप. माझ्याकडं पळत आला, तोंड पांढरं पडलेलं. मी त्याला बाजारतळावर नेलं. काकी कुणाच्या तरी बाळाची दुपट्याएवढी गोधडी घेऊन उभी होती. वॉकरवर बायकांनी दोरा गुंडाळून ठेवलेला.

"आलास?" ती म्हणाली. "चप्पल काढ. टोक धर."

नित्यानं टोक धरलं. दोघांनी पिळली. त्याच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि काकी त्याला सांगत होती, "तू उजवीकडं पीळ. मी डावीकडं. एका अंगाला दोघांनी पिळून कसं चालंल?"

भाऊबीज झाल्यावर तो गाडीत एकटाच बसून गेला. मांडीवर लाडवांचा डबा.

नंतर काकी पुष्कळ वर्षं बुधवारी आली. वॉकर सुटला, काठी आली. ह्या श्रावणात ती झोपेतच गेली. अंगावर तीच गोधडी होती. दहाव्याला पाहुणे म्हणाले, गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत, देऊन टाका नाहीतर पाण्यात सोडा. नित्यानं ती घडी घालून कपाटात ठेवली, कुलूप लावलं, आणि जाताना चावी माझ्या हातात दिली.

परवा त्याचा फोन आला. आवाज तसाच, रात्रपाळीतला.

"किश्या, घट बसायला आलेत."

"हो."

"आईची गोधडी धुऊन ठेवशील का? न धुता ठेवलेली तिला चालली नसती."

"धुतो की. बुधवारी नेतो."

मागं कंपनीचा भोंगा वाजला.

"धुतली की वास जाईल ना रे?"

बोलता बोलता भिंतीपलीकडं जाऊन मी कपाट उघडलेलं होतं. गोधडी मांडीवर घेतली होती. बोट त्या खिशात होतं, नित्याच्या पहिलीच्या शर्टाच्या.

"नित्या, रजा टाक आणि ये," मी म्हणलं. "ही एकट्याला पिळत नाही. एक टोक तू, एक मी. तू येईपर्यंत हिला पाण्याला लावत नाही. घट बसले तरी नाही. शब्द देतो."

तो हसला का रडला, कळलं नाही.

"आणि पावडर?"

"पावडर पण नाही टाकत, बाबा. शब्द."